अबीगईलची गाढवं

नमस्कार श्रोतेहो.

राग आवरावा, हे रेडिओवरून सांगायला नको. अडतं ते ऐन घडीला. म्हणून आज माझी आवडती गोष्ट ऐका, बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली.

नाबाल नावाचा एक धनवान. 3000 मेंढरं, 1000 शेरडं. पैशाला तोटा नाही आणि जिभेला लगाम नाही. कर्मेलात त्याच्या मेंढरांची लोकर कातरणं चाललेलं, म्हणजे सणाचेच दिवस. दावीद, जो पुढं इस्राएलचा राजा झाला, तेव्हा शौल राजापासून जीव वाचवत रानोमाळ फिरत होता. त्याच्या माणसांनी नाबालाच्या मेंढपाळांना रात्रंदिवस राखलेलं. त्या भरवशावर त्यानं 10 तरुण पाठवले: हाताला येईल ते द्या. नाबाल म्हणाला, कोण हा दावीद? हल्ली धन्याला सोडून पळणारे चाकर फार झालेत!

झालं. दावीद म्हणाला, तलवारी बांधा. 400 जण निघाले. सकाळपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, अशी शपथ! आणि गंमत बघा, आदल्याच अध्यायात जिवावर उठलेला शौल गुहेत हाती लागला होता, त्याला यानंच सोडून दिलं. जिवाच्या वैऱ्याला माफी, आणि शेठजीच्या एका टोमण्याला तलवार. आपलंही असंच असतं, नाही का?

एका चाकरानं नाबालाच्या बायकोला, अबीगईलला, हे कळवलं. तिनं नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. 200 भाकरी, द्राक्षारसाचे 2 बुधले, 5 मेंढरांचं मांस, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा, सगळं गाढवांवर लादून पुढं पाठवलं आणि मागून स्वतः निघाली. दावीद दिसताच ती खाली उतरली, पाया पडली. म्हणाली, दोष माझ्यावर घाला. पण उद्या तुम्ही राजा व्हाल, तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याचा सल मनात राहायला नको. दावीद थांबला. थांबला, आणि तिला अडवायला पाठवलं म्हणून त्यानं देवाचे आभार मानले.

भाकरी आधी, बोलणं नंतर, हा क्रम विसरू नका. आमच्याकडे चर्चच्या पंचांची मिटिंग उपासना सुटल्यावर भर दुपारी, उपाशीपोटी. मग आवाज चढतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, प्रभू येशूनंसुद्धा मंदिरात चौरंग उलथले होते! अहो, त्याच प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तो दाखला मिटिंगमध्ये कुणी देत नाही.

असो. अबीगईल घरी आली तर नाबाल पिऊन तर्र. ती रात्रभर अवाक्षर बोलली नाही. सकाळी, उतरल्यावर, सगळं सांगितलं. प्रेषित पौल इफिसकरांना पत्रात लिहितो, सूर्य मावळेपर्यंत राग धरू नका. त्यावरून काही नवरा-बायको मध्यरात्रीपर्यंत वाद घालत बसतात, आजच मिटलं पाहिजे म्हणून. माझ्या मते तसं नाही. राग मावळतीआधी सोडायचा, बोलणं सकाळी. पुन्हा सांगतो: राग मावळतीआधी, बोलणं सकाळी. मात्र घरात कुणी हात उचलत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. बाहेर पडा, माणसं गोळा करा.

सकाळी ते ऐकून नाबालाचं काय झालं, ते मी मुद्दाम सांगत नाही. अध्याय 25 आहे. घरात मोठ्यानं वाचा. नमस्कार.