टोमणा न कळणारा माणूस

मघाशी मला यायला पाच मिनिटं उशीर झाला, तर पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "या डॉक्टर, आम्हाला काय, वेळच वेळ आहे!" सगळे हसलात. शब्दांत तक्रार कुठेच नव्हती. आजोबांचा सूर, माझा ओशाळा चेहरा, भिंतीवरचं घड्याळ, हे सगळं जोडून त्यांच्या मनातलं तुम्ही क्षणात ताडलंत. पुण्यात हा व्यायाम फुकट मिळतो.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला विसरणं आठवतं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा सुरुवात तिथूनच होते. पण वागण्यातली रीत पुष्कळ दिवस टिकते. पाहुण्याचं नाव आठवत नसलेल्या आजी "बसा, चहा टाकते" म्हणतात आणि आपण फसतो.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांची झीज. त्याच्या एका प्रकारात उलटं होतं. तपशील बदलून सांगतो. कोथरूडचे एक गृहस्थ, वय चोपन्न. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांच्या ताटातला गुलाबजाम उचलून खाल्ला. व्याही म्हणाले, "घ्या ना, अजून घ्या, लाजू नका!" यांनी दुसराही उचलला. माझ्याकडे आले तेव्हा सांगितलेले शब्द त्यांनी बिनचूक परत सांगितले, घड्याळाचं चित्रही झकास काढलं. स्मरणशक्ती शाबूत. घरचे मात्र दोन वर्षं 'माणूस निगरगट्ट झाला' म्हणून भांडत होते.

आपण म्हणतो ना, 'पोटात धस्स झालं'? समोरच्याच्या भुवया चढल्या की आपल्या पोटात काहीतरी हलतं. छाती-पोटातल्या या खबरा मेंदूत जिथे पोचतात, तो भाग म्हणजे कानशिलाच्या आत खोल दडलेला इन्सुला. त्याचा पुढचा भाग आणि मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या बाजूला असलेला अँटिरियर सिंग्युलेट हा भाग मिळून एक जाळं बनतं, सेलियन्स नेटवर्क. आत्ता या क्षणी महत्त्वाचं काय, हे ते निवडतं. या आजारात हेच जाळं आधी उसवतं. तिथल्या चातीच्या आकाराच्या काही खास पेशी तर फार लवकर मरतात. अल्झायमर वेगळं जाळं धरतो, आठवणीत रमताना जागं होणारं. 2009 मध्ये न्यूरॉलॉजिस्ट विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी पाच प्रकारच्या डिमेन्शियांतली झीज तपासली. ती निरोगी मेंदूतल्या पाच वेगवेगळ्या जाळ्यांशी जुळत होती. म्हणजे झीज मेंदूत कुठेही सांडत नाही, जोडलेल्या वाटांनी जाते.

एक चिठ्ठी आलीय: "आमचे हे चाळीस वर्षं असेच आहेत, तपासून घेऊ का?" नको, ताई! तो स्वभाव. आधी तसा नसलेला माणूस पन्नाशी-साठीत बदलला, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

ही झीज थांबवणारं औषध आज नाही. त्या गृहस्थांच्या पत्नीला मी म्हटलं, आता टोमणे बंद, थेट बोला. त्या म्हणाल्या, "जन्म सदाशिव पेठेतला, डॉक्टर. जड जातंय." पण आता जेवताना त्या शांतपणे सांगतात, "अहो, हे ताट माझं. तुमचं ते." आणि ते मुकाट्याने आपलं ताट ओढून घेतात.