टर्बो डिझेलचं ऑइल: डब्याच्या मागची बारीक ओळ

नमस्कार मंडळी. डिझेल गाडी घेतली की ऑइलबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: घट्ट टाकू की पातळ? मुंबईचा उकाडा, ट्रॅफिक आणि वर टर्बो, म्हणून घट्टच बरं, असं बहुतेकांना वाटतं. पण घट्ट-पातळ हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेला असतो आणि बीएस-६ (धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या) गाडीच्या मालकाला खर्चाचा मोठा फटका तिथेच बसतो. आज मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे.

आधी टर्बो बघू. एका दांडीवर दोन पंखे असतात. एक पंखा सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या वायूने फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. कारच्या टर्बोतली दांडी करंगळीहून बारीक असते. घाट चढताना ती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, छोट्या टर्बोत तर हा आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. तिला आधार असतो तो बुशचा, म्हणजे दांडीभोवतीच्या कड्यासारख्या बेअरिंगचा. बुश आणि दांडी यांच्यातली फट मिलिमीटरचे काही शतांश, आणि त्या फटीत ऑइलचा पापुद्रा. दांडी त्या पापुद्र्यावर तरंगत फिरते. शेजारचा पंखा सातशे अंशांच्या पुढे तापलेला असतो, म्हणजे तेच ऑइल तिथून उष्णताही वाहून नेतं. पापुद्रा तुटला की धातूला धातू लागतो, शिट्टीसारखा आवाज सुरू होतो आणि मिस्त्री सांगतो, टर्बो गेला.

आता डब्याच्या पुढचा आकडा. ‘१५डब्ल्यू-४०’ मधला पहिला भाग थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा तापल्यावरचा घट्टपणा. १५डब्ल्यूची चाचणी उणे वीस अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे तीसला. मुंबईत एवढी थंडी कुठली, मग पातळ कशाला, असं कुणीही विचारेल. पण चाळीस अंशांनाही १५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० च्या साधारण दीडपट घट्ट असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ऑइल इंजिनाच्या तळातल्या चेंबरमधून टर्बोपर्यंत चढायचं असतं आणि पातळ ऑइल लवकर चढतं. म्हणून मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ‘आपल्याकडे गरम असतं’ म्हणून घट्ट टाकू नका. उलट जुन्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) नसलेल्या गाडीला कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल, तर महागडं टाकून फार काही हाती लागत नाही. तेच टाका, वेळेवर बदला.

खरी गंमत पुढे आहे. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असतं, तरी ती दोन वेगळी ऑइलं असू शकतात. मागे एसीईए सी२, सी३, सी५ असं काही लिहिलेलं असतं; हे युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेले ऑइलचे दर्जे. दीडशे अंशांना, प्रचंड वेगाने घासलं जात असताना पापुद्रा किती जाड राहतो, याचं एक माप आहे. सी३ मध्ये ते किमान ३.५ लागतं, सी२ मध्ये २.९ चालतं आणि सी५ मध्ये २.६ ते २.९. जे इंजिन सी३ साठी बनवलंय, त्यात सी५ ओतलं तर घाटात टर्बोच्या बुशला ते जाणवणारच.

दुसरी गोष्ट राखेची. बीएस-६ डिझेल गाडीत ही डीपीएफची जाळी असते. काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळून जाते. ऑइल मात्र थोडं थोडं जळतच असतं आणि त्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताची राख होते. ती पुन्हा जळत नाही, जाळीत साचत राहते. म्हणून सी३ ऑइलमध्ये राखेवर ०.८ टक्क्यांची मर्यादा आहे. सीआय-४ या जुन्या दर्जाच्या डिझेल ऑइलमध्ये राख बरेचदा दीडपट किंवा जास्त असते. तेव्हा डिझेलमध्ये गंधक जास्त होतं, त्यातून होणारं आम्ल मारायला हे क्षार भरपूर लागत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहावर आलं. बीएस-६ गाडीत जुनंच ऑइल ‘हेवी ड्युटी आहे, चांगलं आहे’ म्हणून टाकलं, तर इंजिन छान चालतं आणि जाळी आतून भरत जाते. नवा डीपीएफ कितीला पडतो ते एकदा विचारून बघा, म्हणजे डब्यामागच्या ओळीची किंमत कळेल.

आता आपल्या शहराकडे येऊ. समजा तुमची गाडी सायन, जेव्हीएलआर, घोडबंदर अशी तासाला सरासरी पंधरा किलोमीटरने चालते. दहा हजार किलोमीटरला इंजिन साडेसहाशे तासांच्या वर चाललं. तेच अंतर हायवेवर साठच्या वेगाने १६७ तासांत होतं. मीटर दोघांचं सारखं, ऑइलचं वय चौपट. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीने तोच पाळावा, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय ट्रॅफिकमध्ये डीपीएफ तापत नाही. तो साफ करायला इंजिन ज्यादा डिझेल फवारतं, तेवढ्यात घर येतं, आपण चावी फिरवतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड आणि सपाट जागी असताना डिपस्टिक काढा. डिझेल इंजिनात ऑइल काळं होणारच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावर जाऊ नका. पातळी बघा. न भरता ती वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि थेंब बोटांत चोळल्यावर डिझेलचा वास आला, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदला. पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटू शकतं, मग चावी काढूनही ते थांबत नाही. आणि पंधरा दिवसांतून एकदा अटल सेतूवर किंवा पनवेलच्या पुढे वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, जाळीला तेवढं हवं असतं.

बोरघाट चढून लगेच चहाला थांबलात, तर इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवा. पंप थांबला की टर्बोतलं ऑइल जागीच करपतं, त्याचा कोळसा बारीक नळीत बसतो. सिंथेटिक ऑइल हे जास्त सोसतं, म्हणून टर्बोसाठी त्याचे जादा पैसे मला योग्य वाटतात. सिग्नल सिग्नल करत घरी पोचलात तर मात्र थांबायची गरज नाही.

एक प्रश्न मघाशी आला होता: वरून बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह टाकू का? नको. कंपनीने राखेचं गणित जमवून ऑइल बनवलेलं असतं, तुम्ही ओतलेल्या बाटलीत काय आहे ते त्या गणितात नसतं. त्याऐवजी डबा तुमच्यासमोर सील तोडून उघडायला लावा, मागची ओळ मॅन्युअलशी ताडून बघा, आणि रिकाम्या डब्याला तिथेच भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी दुसरं काही भरून विकणार नाही.