माशीचं वजन आणि मनगटाचा ठोका

नमस्कार श्रोतेहो. ऐकता ऐकता एक करा. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. वैद्य नाडी बघतात ना, तशी. लागली? आता जोरात दाबा, ठोका हरवेल. अगदीच अलगद टेकवा, तरी लागणार नाही. मधला नेमका दाब बोटाला आपोआप कळतो. हेच काम एका लवचिक पट्टीला कसं शिकवतात, ते आज बघू.

कल्पना सोपी आहे. रबराचा पातळ थर, त्याच्या दोन्ही बाजूंना धातूचा मुलामा. दाबलं की मुलामे जवळ येतात आणि त्यांची विद्युतभार साठवायची क्षमता वाढते. ती मोजायची. पण भरीव रबर खरं तर आकसत नाही, ते बाजूला फुगतं. आणि पातळ थरात बाजूलाही जागा नसते. शिवाय सोडल्यावर ते सावकाश मूळपदावर येतं. तोवर पुढचा ठोका दारात!

२०१० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या झेनान बाओ यांच्या गटानं यावर तोड काढली. सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे निमुळते खड्डे कोरले, त्यात पातळ रबर ओतलं, घट्ट झाल्यावर सोलून काढलं. मोदकाचा साचाच म्हणा. रबरावर बारीक पिरॅमिड उठले. आता दाब आला की आधी टोकं चेपतात, मधल्या हवेत रबराला पसरायला वाव मिळतो, आणि दाब सरला की ते झटकन वर येतं. वीस मिलिग्रॅमची माशी बसलेली या पट्टीला कळली. तांदळाचा एक दाणा, साधारण तेवढंच वजन. रबर जुनंच, फक्त हवेला जागा दिली. मला तर यातली हीच गंमत वाटते.

बाजारातली बहुतेक स्मार्ट घड्याळं हिरवा उजेड टाकून ठोके मोजतात. दाबाची पट्टी नाडीच्या लाटेचा आकार टिपते. मोठ्या उंचवट्यामागून एक छोटा येतो, तो शरीरात पुढे जाऊन परत फिरलेल्या लाटेचा. वयानुसार रोहिण्या ताठरल्या की ही लाट लवकर परतते.

पण माशी कळते तिला वळलेली मूठही कळते, मनगटातल्या कंडरांची, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांची, प्रत्येक हालचाल कळते. नाडी त्या गोंधळात बुडून जाते. आणि पट्टा? सैल बांधला तर आलेख सपाट, आवळला तरी सपाट.

बोटं अजून मनगटावरच असतील, तर आता काढलीत तरी चालेल.