गॅसचा फुगा

(दृश्य : जत्रा, दिवेलागण. फुग्यांचा घोस.)

“गॅसचा आहे ना?” पोरं आधी हेच विचारतात. तोंडाने फुगवलेल्या फुग्याला जत्रेत मान नाही.

(दृश्य : हातगाडीखालची टाकी, जवळून.)

ही टाकी. भोवती ओलं गोणपाट. आत पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचं भंगार : पत्र्याचं कातरण, चेपलेल्या पातेल्याचे तुकडे. एरवी पातेल्यात पाणी उकळलं तरी ॲल्युमिनियमला काही होत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. कॉस्टिक तो थरच खाऊन टाकतं. उघडा पडलेला धातू पाण्याला भिडतो आणि हायड्रोजन सुटतो. ही खदखद त्याचीच. विस्तव कुठेच नाही, तरी टाकीला हात लाववत नाही. गोणपाट भिजवतात ते त्यासाठी.

(दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. परीक्षानळी, जळती काडी.)

इथे जस्त आणि आम्ल, वायू मात्र तोच. काडी तोंडाशी नेली... फट्! आता काच बघा, आतून दव धरलंय. हायड्रोजन जळला, त्याचं पाणी झालं. त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच, म्हणून तो कायम जोडीदाराच्या शोधात. हवेत ४ टक्के मिसळला तरी ठिणगी पुरते.

(दृश्य : वाढदिवसाचा हॉल, चंदेरी फुगे.)

हे हेलियमचे. इलेक्ट्रॉन दोन, कवच भरलेलं, कुणाची गरज नाही. जळती काडी यात विझते. कशाशी संयोगच नाही, म्हणून सापडलाही उशिरा : १८६८ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहताना त्याची पिवळी रेघ दिसली, पृथ्वीवर तो हाती आला १८९५ मध्ये. (त्या १८६८च्या ग्रहणाची आठवण विजयदुर्गात अजून काढतात.)

मग जत्रेत हेलियम का नाही? उडण्यात फारसा फरक नाही. लिटरभर हवा १.२९ ग्रॅम, हेलियम ०.१८, हायड्रोजन ०.०९. हेलियमची उचलण्याची ताकद जेमतेम ७-८ टक्क्यांनी कमी. पण हेलियम बहुतेक परदेशातून येतो, महाग पडतो. भंगार कोपऱ्यावर मिळतं. फुगेवाल्याला दोष देण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

टाकीत दाब वाढला की ती फुटते. माणसं जातात.

(दृश्य : दुसरी सकाळ, पटांगण. निवेदन नाही, फक्त झाडूचा आवाज. फांदीला अडकलेला, सुरकुतलेला लाल फुगा.)