द्रावक सावकाश बदलताना

[दृश्य : उभी काचनळी. तळाशी लाल द्रव, वर रंगहीन द्रव.]

या नळीत तीन द्रव एकावर एक सोडले आहेत. तळाशी टोल्यूइन, मध्ये प्रोपेनॉलचा थर, सगळ्यात वर मिथेनॉल. लाल रंग टोल्यूइनचा नाही. तो त्यात तरंगणाऱ्या कॅडमियम सेलेनाइडच्या स्फटिकांचा आहे. एकेक स्फटिक साधारण ५ नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातले ५. प्रत्येकात अणू असतील दोन-अडीच हजार.

या स्फटिकांना टोल्यूइन मानवतं, मिथेनॉल मानवत नाही. मधला थर मिथेनॉलला एकदम खाली येऊ देत नाही. ते झिरपत येतं, आणि त्याला आठवडे लागतात. मग नळीत बारीक लाल चकत्या दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर षटकोनी, धारदार कडांच्या. हाही स्फटिकच. फरक इतकाच, की नेहमीच्या स्फटिकात अणू ओळीने बसलेले असतात, इथे अणूंच्या जागी अख्खे स्फटिक बसले आहेत. याला सुपरलॅटिस म्हणतात.

तेच मिथेनॉल एका दमात ओतलं असतं, तर क्षणात गाळ झाला असता. कण तेच, द्रव तेच.

[दृश्य : ॲनिमेशन. एक कण जवळून, पृष्ठभागावर लव.]

या कणांना उघडं ठेवून चालत नाही. दोन कण फार जवळ आले की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळून जाणवणारी कणाकणांमधली ओढ, त्यांना खेचतं आणि ते जिथे भेटले तिथेच चिकटतात. म्हणून प्रत्येक कणावर लव असते, ओलिइक ॲसिडसारख्या रेणूंची. १८ कार्बन अणूंची साखळी, लांबी सुमारे २ नॅनोमीटर. एक टोक कणाला धरून, दुसरं द्रावकात मोकळं. लव म्हटलं तरी ती किरकोळ नाही. ५ नॅनोमीटरच्या कणाभोवती २ नॅनोमीटरची लव उभी राहिली, तर घनफळाच्या हिशेबात ती कणापेक्षा कितीतरी जास्त जागा खाते. ती कणांना अंतरावर ठेवते. चिकटू देत नाही, त्यामुळे चुकीच्या जागी आलेला कण सुटून पुन्हा हिंडू शकतो. ही सुटण्याची सोय फार महत्त्वाची.

दुसरी अट आकारमानाची. कणांच्या व्यासात फरक जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास चालतो. त्याच्या बराच वर गेला की रांग मोडते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ख्रिस्तोफर मरे, डेव्हिड नॉरिस आणि मुंगी बावेंडी यांनी यावर उपाय शोधला. कच्चा माल खूप तापलेल्या द्रावकात एका झटक्यात टोचायचा. सगळ्या कणांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी होतो, त्यामुळे वाढही सारखी होते. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, मरे, चेरी केगन आणि बावेंडी यांनी त्याच कणांपासून त्रिमितीय सुपरलॅटिस करून दाखवली. बावेंडींना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लुई ब्रुस आणि ॲलेक्सी एकिमोव्ह यांच्यासह. तेव्हा क्वांटम डॉटच्या, म्हणजे अशाच इवल्या स्फटिकांच्या, रंगांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. एकाच मापाचे अब्जावधी कण करणं, ही मला त्या रंगांपेक्षाही मोठी करामत वाटते.

[दृश्य : ॲनिमेशन. बंद चौकटीत धडपडणारे गोळे. गर्दी वाढत जाते.]

आता प्रश्न रांगेचा. कणांमध्ये आकर्षण आहे म्हणून ते रांगेत बसतात, असं पहिल्यांदा मनात येतं. मग आकर्षणच काढून टाकू. समजा, हे निव्वळ टणक गोळे आहेत. एकमेकांना ओढत नाहीत, फक्त एकमेकांच्या जागेत शिरू शकत नाहीत.

१९५७ मध्ये बर्नी ऑल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी असेच गोळे संगणकात सोडले. गर्दी पुरेशी झाल्यावर ते आपणहून स्फटिकासारखे रचले गेले. अनेक भौतिकशास्त्रज्ञांच्या हे गळी उतरत नव्हतं. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं आपण शाळेपासून घोकलेलं असतं. इथे तर एन्ट्रॉपी वाढवण्यासाठीच व्यवस्था येत होती!

खोलीत माणसं दाटीवाटीने, वाटेल तशी उभी असली, तर कुणालाच कोपर हलवता येत नाही. तीच माणसं सारख्या अंतरावर उभी राहिली, की प्रत्येकाला हात हलवण्यापुरती जागा मिळते. गोळ्यांचं तसंच आहे. वेडेवाकडे कोंबले, तर ते सुमारे ६४ टक्के जागा भरून अडकतात. नीट थर लावले, तर ७४ टक्क्यांपर्यंत मावतात. म्हणजे तेवढ्याच गर्दीत रांगेतल्या गोळ्याकडे जास्त मोकळीक उरते. ती मोकळीक म्हणजेच एन्ट्रॉपी. जागा कुठली ते ठरल्याने होणारा तोटा, त्या जागेभोवती हलायला मिळाल्याने भरून निघतो.

१९८६ मध्ये पीटर प्युसी आणि विल्यम व्हॅन मेगन यांनी खऱ्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर हे पडताळलं. गोळ्यांनी ४९ टक्क्यांच्या आसपास जागा भरली, की स्फटिक दिसू लागतात, ५५ च्या आसपास सगळं स्फटिकमय होतं. आणि ५८ च्या पुढे मात्र गोळे एकमेकांना इतके अडवतात की रांग लागतच नाही. काच होते, म्हणजे गोळे वेडेवाकडे असतानाच अडकून बसतात. आपल्या नळीत मिथेनॉल एकदम ओतण्याने होणारा घोळही याच जातीचा. रांगेत जायला हालचाल लागते, आणि ती करायला वेळच मिळत नाही.

खऱ्या नॅनोस्फटिकांत अर्थात आकर्षण असतं, थोडाफार विद्युतभार असतो, आणि लव दबली की आकारही थोडा बदलतो. एन्ट्रॉपी एकटी सगळं ठरवत नाही.

[दृश्य : ओपल. प्रकाश फिरतो तसे रंग पालटतात.]

हे ओपल रत्न. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आत सिलिकाचे गोळे, सगळे एका मापाचे, थरांवर थर. रंग त्या थरांमधून प्रकाशाचं विवर्तन होऊन येतात. पुढे काही ओपलमध्ये दोन मापांचे गोळेही ठरावीक प्रमाणात रचलेले सापडले, कुठे एकास दोन, तर कुठे एकास चक्क १३.

नॅनोस्फटिकांच्या दोन मापांनी तर कमालच केली. २००६ मध्ये एलेना शेव्हचेन्को, दिमित्री तालापिन, मरे आणि सहकाऱ्यांनी सोनं, शिसं सेलेनाइड, लोह ऑक्साइड असे कण जोड्यांनी मिसळले आणि १५ हून अधिक वेगवेगळ्या रचना दाखवल्या. २००९ मध्ये तालापिन यांच्याच गटाला १२ पदरी सममितीचा क्वासिक्रिस्टल मिळाला, म्हणजे व्यवस्था आहे, पण नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत नाही.

कण घनाकार असतील तर ते पाठीला पाठ लावून बसतात, कांड्या असतील तर समांतर पडतात. डीएनएच्या धाग्यांनी कुणाच्या शेजारी कोण, हेही ठरवता येतं. २००८ मध्ये दोन गटांनी सोन्याचे कण तसे जोडून स्फटिक मिळवले.

[दृश्य : घनाकार कणांच्या सुपरलॅटिसचं सूक्ष्मचित्र.]

सीझियम लेड ब्रोमाइडच्या घनाकार कणांची सुपरलॅटिस २०१८ मध्ये अतिथंड करून लेझरने उजळली. सुटे कण आपापल्या वेळी प्रकाश सोडतात. रचलेल्या कणांनी तो एकत्र, एका झोतात आणि कितीतरी वेगाने सोडला. याला सुपरफ्लुरोसन्स म्हणतात. शेजार मिळाल्याने कणांचा गुणच पालटला.

विजेच्या बाबतीत मात्र तीच लव नडते. कार्बनच्या साखळ्या इलेक्ट्रॉनला अडवतात. ती काढून छोटे रेणू किंवा अकार्बनी आयन बसवले, तर इलेक्ट्रॉन वाहू लागतात, पण कण जवळ सरकतात, सगळा स्फटिक आकसतो आणि त्याला तडे जातात. शिसं सेलेनाइडमध्ये काही गटांनी लव अर्धवट उतरवून कणांचे पैलूच एकमेकांना जोडून घेतले आहेत. सपाट, चौकोनी जाळी तयार होते. या जाळीत कणाकणांमधले सांधे सगळीकडे सारखे जुळत नाहीत, आणि इलेक्ट्रॉन अशाच सांध्यांपाशी अडतात.