वाळवंटातले जहाज

(फोंडा येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मी वास्कोची. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. डिसेंबर २०१४ मध्ये दाबोळीच्या नौदल तळावरचा एक फोटो पेपरात आला होता. जमिनीवर बांधलेल्या, जहाजाच्या डेकसारख्या चढणीवरून तेजस विमान उडाले होते. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "टीचर, समुद्र इतका जवळ असताना जहाज जमिनीवर कशाला?" याचे उत्तर शोधता शोधता मी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात जाऊन पोचले, पुस्तकांतून म्हणा. आज त्या वाळवंटाविषयी बोलणार आहे.

तिथे रॉजर्स नावाचे एक कोरडे सरोवर आहे. सुमारे ४४ चौरस मैलांचे, म्हणजे साधारण आपल्या मुरगाव तालुक्याएवढे. पण त्यात ना डोंगर, ना झाड. तुम्ही रायबंदर-आगरवाड्याची मिठागरे पाहिली असतील. पावसाळा संपला की साठलेले पाणी काढतात, तळाचा चिखल पायांनी तुडवतात आणि सारखा करून उन्हात वाळू देतात. मग ती जमीन पाटासारखी होते. रॉजर्सवर हेच काम निसर्ग करतो. हिवाळ्यात थोडे पाणी साचते, वारा ते पाणी इकडून तिकडे ढकलत राहतो आणि तळाच्या चिरा बुजतात. पुढे ऊन चढले की माती कडक होते. एक रुपया खर्च न करता दरवर्षी नवी धावपट्टी! त्या मातीत बारीक कोळंबीसारख्या जिवांची अंडी वर्षानुवर्षे कोरडी पडून असतात. पाणी आले की ती फुटतात आणि समुद्रपक्षी ते जीव टिपायला वाळवंटात उतरतात. मला ही गोष्ट विमानांइतकीच थोर वाटते.

१९१० च्या सुमारास कोरम नावाचे कुटुंब तिथे वस्तीला आले. गावाला आपले नाव द्यावे ही त्यांची इच्छा, पण तशाच नावाचे टपालघर आधीच होते. तेव्हा त्यांनी नावाची अक्षरे उलटी लिहिली आणि गाव झाले म्युरॉक. १९३३ मध्ये हेन्री 'हॅप' अर्नोल्ड या लष्करी अधिकाऱ्याने बॉम्बफेकीच्या सरावासाठी ही जागा हेरली. सुरुवातीला तिथे तंबू होते आणि जमिनीवर आखलेली लक्ष्ये होती, एवढेच.

आता जहाजाकडे येते. दुसऱ्या महायुद्धात जपानी युद्धनौकांवर बॉम्ब टाकायचा सराव हवा होता. म्हणून १९४३ मध्ये सरोवराच्या कोरड्या तळावर ६५० फूट लांबीची नकली जपानी क्रूझर, म्हणजे युद्धनौका, उभी केली. लाकडी वासे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, डांबरी कागद आणि वर पिसे. जहाज पाणी कापत चालले आहे असे वरून दिसावे म्हणून भोवती वाळूचे उंचवटेही केले होते. जपानी जहाजांच्या नावाला 'मारू' जोडतात, म्हणून सैनिकांनी तिला 'म्युरॉक मारू' म्हटले. दुपारच्या झळांत ती खरोखर तरंगल्यासारखी दिसायची. ऐन वाळवंटात युद्धनौका पाहून रस्त्याने जाणारे लोक डोळे चोळत. १९५० मध्ये ती मोडली, पण त्याआधी भोवती पडलेले न फुटलेले बॉम्ब शोधून काढावे लागले.

दरम्यान तिथे दुसरेच काम सुरू झाले होते. १९४२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे पहिले जेट विमान तिथून उडाले. जमिनीवर असताना त्याच्या नाकाला खोटा लाकडी पंखा बसवत, म्हणजे पाहणाऱ्याला संशय येऊ नये. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर हा वैमानिक ध्वनीपेक्षा वेगाने उडाला. दोनच दिवसांपूर्वी घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. विमानाचे दार ओढून लावता येईना, म्हणून त्याच्या मित्राने ते लावायला झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला.

५ जून १९४८ ला मात्र पंखासारख्या आकाराचे एक बॉम्बर विमान कोसळले. आत पाच जण होते, कोणीच वाचले नाही. त्यांतल्या ग्लेन एडवर्ड्सचे नाव पुढे तिथल्या हवाई तळाला दिले गेले. आजही तो एडवर्ड्स तळ म्हणूनच ओळखला जातो.

"रिकामे वाळवंट होते, वापरले," असे कोणी म्हटले की मला पटत नाही. म्युरॉक गाव होते, ते उठवले गेले. तिथे पाँचो बार्न्स ही वैमानिक बाई राहत होती. १९३० मध्ये तिने अमेलिया एअरहार्ट या प्रसिद्ध वैमानिकेचा वेगाचा विक्रम मोडला होता. सरकारला तिची जमीन हवी होती. ती कोर्टात लढली आणि भरपाई मिळवली, पण जागा गेलीच. तळांचा इतिहास लिहिताना ही पाने गाळू नयेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. एक्स-१५ या रॉकेट विमानाला मागे चाके नव्हतीच, पोलादी घसरपट्ट्या होत्या. १९५९ ते १९६८ या काळात त्याची १९९ उड्डाणे झाली, ती खाली असे सरोवर होते म्हणून. १४ एप्रिल १९८१ ला कोलंबिया हे अवकाशयान पहिल्या मोहिमेवरून परतले तेही याच मातीवर. वैमानिक थोडा पुढे गेला, थोडा बाजूला गेला, तरी खाली जमीन होतीच.

जहाजावर ही सवलत नाही. डेकची लांबी मोजकी असते. उतरणारे विमान थांबवायला डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीचा हुक तारेत अडकला नाही तर पुढे फक्त पाणी. म्हणून दाबोळीच्या तळावर ती चढण आणि त्या तारा जमिनीवर बसवल्या. हुक चुकला तर पुढे धावपट्टी आहे, पुन्हा प्रयत्न करता येतो. २० डिसेंबर २०१४ ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी त्या चढणीवरून नौदलाचे तेजस पहिल्यांदा उडवले. तारेत अडकून थांबणे जमायला सप्टेंबर २०१९ उजाडला. एकाच जमिनीवर जवळजवळ पाच वर्षे! आणि ११ जानेवारी २०२० ला याच मावळणकरांनी ते विमान भर समुद्रात विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरवले.