चार पाट्यांची एक पाटी

नमस्कार श्रोतेहो. माझा आवाज ज्या रेडिओतून तुमच्यापर्यंत येतोय तो कुठल्या कंपनीचा आहे, हे मला ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. लहरी कशा पाठवायच्या हे एकदा सगळ्यांसाठी ठरलं, म्हणून कुणाचाही संच चालतो. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात. ती नोटसुद्धा तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे ते विचारत नाही.

मोबाईलमधल्या पैशाचं बराच काळ असं नव्हतं. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मी ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्यांच्या टोपल्यांवर तेव्हा चार पाट्या सुतळीनं टांगलेल्या असायच्या. चार कंपन्यांचे चार चौकोन. एकदा वीस रुपयांच्या मेथीसाठी माझं वॉलेट त्यातल्या एकाही पाटीला चालेना. "न्या दादा, पुढच्या बुधवारी द्या," म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. यंत्रांचा एकमेकांवर नव्हता.

ऑक्टोबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की यापुढे फक्त आपल्याच ॲपला चालणारा नवा क्यूआर कुणी काढायचा नाही, आणि जुने 31 मार्च 2022 पर्यंत बदलायचे. या चौकोनात जादू काही नाही. आत एक ओळ असते: पैसे घेणाऱ्याचा पत्ता, त्याचं नाव, हवी तर रक्कम, आणि चलन. ती ओळ कशी लिहायची हे जाहीर आहे, म्हणून कुठलंही यूपीआय ॲप ती वाचतं. मुळात क्यूआर हाच 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्हनं तयार केला आणि पेटंट असूनही सगळ्यांना मोकळा ठेवला. मला हे फार मोठं मन वाटतं.

वेबसाठीची मानकं वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम ठरवतं. ब्राउझरमधून पैसे कसे मागायचे याचं मानक त्यांनी 2022 मध्ये पक्कं केलं. काम चांगलं आहे, पण ब्राउझरला स्मार्टफोन लागतो, नेट लागतं. माझे दिंडोरीचे मामा बटणाचा फोन वापरतात. त्यांच्यासारख्यांसाठी मार्च 2022 मध्ये यूपीआय 123पे आलं: फोन लावून, मिस्ड कॉल देऊन, अगदी आवाजाच्या लहरींवरूनही पैसे देता येतात. खरी कसोटी इथे आहे, पडद्याच्या बाहेर.

अशा सोयींचे नियम उघड्यावर, सगळ्यांना फुकट वाचता येतील असे लिहिले जावेत, असं मला मनापासून वाटतं. कन्सोर्शियमचे मसुदे कुणालाही वाचता येतात, त्यावर मत कळवता येतं. दोन वेगळ्या यंत्रणांमध्ये पैसा कसा पोचवायचा हे ठरवणारं, 2015 पासूनचं इंटरलेजर नावाचं मानकही असंच खुलं आहे. इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या पोरापोरींनो, ते वाचा. आणि वाचताना समोर बटणाचा एक फोन ठेवा. मसुदा त्या फोनला कुठे अडतो, ते मसुदा लिहिणाऱ्यांना कळवा.

मावशींकडे आता एकच पाटी आहे. मेथीवर पाणी मारलं की त्या पदरानं ती पुसून घेतात. मागच्या बुधवारी त्यांनी विचारलं, "दादा, सिंहस्थात घाटावर गर्दी झाली, रेंज गेली, मग?" दोन फोन जवळ धरून नेटशिवाय पैसे देण्याची सोय 2023 मध्ये आली आहे, हे मी सांगितलं. दोन्ही फोनांत एनएफसी, म्हणजे जवळ धरताच एकमेकांशी बोलणारी चिप हवी, हेही सांगितलं. त्यांनी कनवटीचा फोन काढून माझ्यापुढे धरला. बटणांवरचे आकडे पुसून गेले होते.